तांबोळीमॅडमची लाल शाई

कुणाच्या लिखाणाखाली नुसतं ‘छान’ लिहिलेलं दिसलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वय झालं, गुडघे गेले, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टर म्हणतात चिडू नका. पण ह्या एका गोष्टीवर मी चिडणार आणि मरेपर्यंत चिडणार. शब्द वाईट नाही हो. भाकरी छान होते, नवी सून छान दिसते. पण ज्यानं वाचलंच नाही त्यानं लिहिलेलं ‘छान’ म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरच उभं करून ‘तुम्ही जेवून आला असालच’ म्हणण्यातला प्रकार. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मला एकाकडून असं ‘छान’ मिळालं आणि दुसरीकडून लालभडक कागद मिळाला. त्या लाल कागदापायी माझं कॉलेज दिवाळीच्या आधीच सुटायची वेळ आली होती.

मी तेव्हा केडगावला मावशीकडे राहायचे. आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडे, सगळा माळ आणि दगडगोटे. दसरा झाला की अर्धं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जायचं, त्यात माझे वडील, म्हणजे आमचे दादा, आणि आई. लहानपणी दोन हंगाम मीही गेले होते, मग शाळा बुडते म्हणून आईनं मला आपल्या बहिणीच्या पदरात टाकलं. मावशीच्या यजमानांची, आमच्या काकांची, पुणे रस्त्याला लागून पिठाची गिरणी होती. पुढं गिरणी, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी पट्टा चढला की मधली भिंत थरथरायची आणि फळीवरची पितळी भांडी एकमेकांना टेकून किणकिणायची. घरात साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. नवं माणूस आलं की त्याला वाटे, ह्यांच्याकडे सदा भांडणंच चाललेली असतात. दुपारी वीज गेली की गिरणी थांबायची आणि मावशी एकदम हळू बोलायला लागायची, तेव्हा मात्र मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पीठ सगळीकडे. भुवयांवर, देवाच्या फोटोवर, माझ्या वह्यांत. गिऱ्हाइकाचे हुलगे दळून झाले की गिरणीच्या पाळ्यात थोडं पीठ राहून जायचं. मावशी ते झटकून घ्यायची आणि संध्याकाळी शेंगोळे करायची. लसूण-जिऱ्याचं वाटण, हिरवी मिरची, हातावर वळलेले ते वेढे उकळत्या रश्श्यात सोडले की घरभर असा वास सुटायचा की काका पट्टा उतरवायच्या आधीच हात धुऊन बसायचे. मी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून जेवायचे. मावशी म्हणायची, “पुस्तकाला पन वाढू का गं दोन?” ह्या घरात मी लाडाची होते, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे झालं त्यात मावशीचा काही दोष नव्हता.

आता कॉलेजचं सांगते. आम्हाला दर सत्रात घरून निबंध लिहून आणायचे असत, त्याला ट्यूटोरियल म्हणायचे. निबंध कसा लिहायचा हे मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाजारात गाईड मिळायचं. त्यातलं सुवाच्य अक्षरात उतरवायचं, वरून रंगीत पेनानं मथळा काढायचा, की झालं. आमच्या वर्गात झाडून सगळ्यांचे निबंध सारखे असत आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. विभागप्रमुख होते झरेकरसर. सफारी, गोड बोलणं, खिशाला हिरव्या शाईचं पेन. त्यांचा शेरा ठरलेला: ‘विवेचन मुद्देसूद. छान. शुभेच्छा.’ आणि खाली लफ्फेदार सही. तो शेरा मिळाला की आम्ही पोरी हरखून जायचो.

त्या पावसाळ्यात मी सरांना एक ट्यूटोरियल दिलं होतं. ते परत आलं, वर हिरवं ‘छान’. घरी आणून सहज चाळायला गेले तर मधली दोन पानं उघडेनात. ओल्या हवेत गिरणीचं पीठ बसून ती एकमेकांना अशी चिकटली होती की जणू कुणी खळ लावून बसवलीत. मी देताना चिकटली होती आणि परत आली तेव्हाही चिकटलेलीच होती. म्हणजे निबंधाचा मधला सगळा भाग ह्या गृहस्थांनी बघितलाच नव्हता, आणि वर म्हणे विवेचन मुद्देसूद! मी तो कागद मावशीला दाखवला. मावशी म्हणाली, “आगं, मोठी मानसं, त्यांना येळ कुठला?” मला तेव्हा जो संताप आला तो आजही शिळा झालेला नाही. वेळ नाही तर लिहू नका ना. कोरं द्या.

तांबोळीमॅडम त्या वर्षी नव्याच आल्या होत्या. बुटक्या, सुती साडी, आवाज खर्जातला. त्यांनी पहिल्या निबंधाला विषय दिला, ‘लोकगीतांतील कष्टकरी स्त्री’. मी नेहमीसारखं गाईडमधून उतरवून दिलं. कागद परत आला तो बघवेना. समासात लाल, ओळींच्या मध्ये लाल, मागच्या कोऱ्या बाजूवरही लाल. ‘हे कुणाचं वाक्य?’ ‘तुला कसं कळलं?’ ‘कुठल्या गावात?’ आणि गुणच नाहीत! वर्गात नुसता कल्लोळ. मॅडमनी सांगितलं, “गुण आत्ता मिळणार नाहीत. प्रत्येक शेऱ्यापुढं लिहून आणायचं, पटलं की नाही. पटलं तर काय बदललं ते दाखवा. नाही पटलं तर माझ्याशी भांडा. भांडून झालं की गुण.” पोरांनी त्यांच्या खोलीला कोर्ट असं नाव ठेवलं. तिकडं कुणी गेलं की बाकीचे विचारायचे, “तारीख मिळाली का रं?” बहुतेकांनी सगळ्या शेऱ्यांपुढं डोळे झाकून ‘पटलं’ लिहिलं आणि सुटका करून घ्यायला बघितलं. मॅडमनी ते गठ्ठ्यानं परत केले.

हल्ली माझ्या पुतणीची मुलगी पुण्यात शिकते. तिचे सर संगणकावर प्रकल्प तपासतात, कडेला बारीक अक्षरात सूचना लिहितात. मागच्या सुट्टीत मी शेजारी बसून बघत होते. पठ्ठीनं एक बटण दाबलं आणि सगळ्या सूचना एका दमात मान्य करून टाकल्या, एकही न वाचता! म्हटलं, “अगं, त्या माणसानं डोळे फोडून लिहिलंय.” तर म्हणाली, “आजी, त्यांना तेवढंच हवं असतं.” मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं, आजीला संगणकातलं काही कळत नाही म्हणून आजी फुगली.

मी कोर्टात गेले ते भांडायलाच. गाईडमधलं एक वाक्य होतं, ‘कष्टकरी स्त्रिया काम करताना आनंदाने गातात.’ त्यातल्या ‘आनंदाने’खाली मॅडमनी दोन रेघा मारून लिहिलं होतं, ‘तू पाहिलंयस?’ माझं डोकंच फिरलं होतं. मी दारातूनच म्हणाले, “मॅडम, मी पाहिलंय म्हणजे काय? मी दोन हंगाम ऊसतोडीला गेलेय. तुम्ही गेलाय का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “बैस. गातात?”

“कोण?”

“ऊस तोडताना बायका. आनंदानं गातात?”

मग जे तोंडाला आलं ते बोलले. “नाही गात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं असतं. तोंडात नुसता दम असतो. गाणं कुठून येणार?”

“मग हे कुणी लिहिलं?”

“गाईडनं.”

“आणि तू कुठायस ह्यात?”

मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. पंधरा वर्षं शाळा-कॉलेजात काढली, ढीगभर मास्तर झाले, आणि मला काय दिसलं हे एकानंही विचारू नये? मॅडमनी मला रडू दिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. “हेच लिही,” म्हणाल्या, “आत्ता मला सांगितलंस तसंच.”

मी लिहिलं. गिरणीच्या आवाजात, पोत्यांना टेकून, एका बैठकीत. थंडीत उसाच्या पाचटानं कापलेले हात, कोपीतला, म्हणजे फडावरच्या खोपटातला, धूर, मुकादमाच्या शिव्या, सगळं त्यात आलं. ते परत आलं तेव्हा पहिल्यापेक्षाही जास्त लाल होतं. पण ह्या वेळी शेरे वेगळे होते. ‘हे पुढं ने.’ ‘इथं का थांबलीस?’ ‘हे मला पटत नाही, पटवून दे.’ एका ठिकाणी तर मॅडमनी स्वतःचंच वाक्य खोडून दुसरं लिहिलं होतं. मी तो कागद छातीशी धरून पुणे रस्त्यानं चालत घरी आले. एस.टी.ला पैसे होते, पण मला चालायचं होतं.

आणि घरी दादा येऊन बसलेले. ट्रक निघायच्या आधी ते मला भेटायला यायचेच. आमच्याकडे एक रीत पडली होती. दादा आले की मी माझे सगळे पेपर खाटेवर मांडायचे आणि दादा ते बघायचे. दादांना सही येत होती, वाचता येत नव्हतं. पण गावच्या शाळेतल्या गुरुजींनी त्यांना कधीतरी सांगितलं होतं की ज्या विषयाखाली लाल रेघ, त्यात पोर गेलं. तेवढ्यावर दादा इतकी वर्षं माझं शिक्षण तपासत आले होते. लाल नाही ना? मग बरं. आणि आमचा करार होता, दादांचा आणि माझा, की ज्या दिवशी लाल येईल त्या दिवशी शिक्षण बंद. मी मात्र त्या दिवशी इतकी खुशीत होते की तोच कागद हौसेनं सगळ्यांच्या वर ठेवला!

दादांनी कागद उचलला. पालटला. मागची बाजू बघितली. तोंड काळंठिक्कर पडलं.

“बोचकं बांध,” दादा म्हणाले.

“अहो दादा, तसं नाही—”

“आता काय ऱ्हायलंय? समदा कागूद लाल हाय. उद्या गाडी निघतीय. तू आलीस तर अर्धा कोयता वाढंल.” नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, एकटं माणूस अर्धा. मी अर्धा कोयता होणार होते. मी ओरडून ओरडून सांगत होते, गिरणी ओरडत होती, मावशी मध्ये पडून ओरडत होती, आणि दादांना त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी नापास झाली आणि वर थापा मारते. शेवटी काका पट्टा उतरवून आले. “न्यायचं तर न्या,” म्हणाले, “पन आदी कालिजात जाऊन इचारा तर, पोरगी का नापास केली म्हून.” दादांना ते पटलं. पोरीला नापास करणाऱ्या मास्तरणीला जाब विचारायचाच होता त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही उभे. दादांनी धुतलेलं धोतर नेसलेलं, टोपी हातात. तांबोळीमॅडमना बोलावलं, झरेकरसर आपणहून आले. दादा म्हणाले, “सायेब, ह्या बाईंनी माझ्या पोरीचा पेपर रंगवून ठिवलाय. नापासच करायचं हुतं तर एका रेघंत करायचं. एवढं कशापायी?”

मॅडम म्हणाल्या, “नापास नाही केलं. हिनं मला भांडायला काहीतरी दिलं, म्हणून मी एवढं लिहिलं.”

पण ते ऐकून घ्यायला झरेकरसरांना सवड नव्हती. त्यांना अशी संधी हवीच होती. “मी मॅडमना पहिल्यापासून सांगतोय,” ते प्राचार्यांना म्हणाले, आणि मग दादांकडे वळून, अगदी मायेनं, “बाबा, तुम्ही काळजी करू नका. ही खेड्यापाड्यातली मुलं. ह्यांच्याकडून आपण किती अपेक्षा ठेवायची? आम्ही सांभाळून घेतो. छान म्हणायचं आणि पुढं ढकलायचं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिशवीत सगळेच पेपर होते. मी ते चिकटलेलं ट्यूटोरियल काढून दादांच्या हातात दिलं. “दादा, हे बघा. हे सरांचं छान. मधली पानं उघडा.”

दादांनी अंगठ्याचं नख घालून पानं हलकेच सोडवली. खाली टेबलाच्या काचेवर पीठ सांडलं. दादांनी त्या पिठाकडं बघितलं, मग सरांकडं.

“हे तर उघडलंच न्हाई तुमी.”

“अहो, एवढे पेपर असतात—”

“न्हाई, मला एवढंच सांगा,” दादा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला, “आमची पोरगी वाचायच्या लायकीची न्हाई व्हय? सांभाळून घेताय म्हंजी काय करताय? ती काय लंगडी हाय?”

दादांनी टोपी डोक्यावर चढवली. “तुमी लिव्हा बाई,” ते मॅडमना म्हणाले. “लई लिव्हा.”

आता कुणालाही वाटेल, इथं न्याय झाला. कसला न्याय! प्राचार्य खाकरले आणि म्हणाले की पालकांची तक्रार आलेली आहे, तेव्हा यापुढं कुणीही निबंधांवर शेरे लिहायचे नाहीत, फक्त गुण आणि सही. दादा म्हणाले, तक्रार माझी होती आणि मी ती माघारी घेतो. प्राचार्य म्हणाले, तसं करता येत नाही. का येत नाही? आजपर्यंत मला ह्याचं उत्तर मिळालेलं नाही. पुढं मी स्वतः शिकवायला लागले, तेव्हा असे पुष्कळ प्राचार्य पाहिले. वाचणाऱ्या माणसाला थांबवायला त्यांना एवढीशी तक्रार पुरते, आणि न वाचणारा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सेवानिवृत्तीपर्यंत सुखानं बसतो. झरेकरसरांचा निरोपसमारंभ थाटात झाला. भाषणांत सगळ्यांनी त्यांना विद्यार्थिप्रिय म्हटलं. मी उठून बाहेर गेले.

त्या दिवशी आम्ही व्हरांड्यात आलो तेव्हा मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. दादा त्यांच्यापुढं अवघडून उभे. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ते माझ्याकडं वळून म्हणाले, “बाईंनी एवढं लिव्हलंय, तर त्यात हाय तरी काय? वाच.”

“इथं?”

“इथंच. गाडीला येळ हाय.”

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून वाचलं. पोरं येत-जात होती, थांबून बघत होती. पाचटानं कापलेले हात वाचले, मुकादमाच्या शिव्या वाचल्या तेव्हा दादा गालात हसले. ‘ऊस तोडणारी बाई काम करताना गात नाही. तिला गाण्याएवढाही श्वास उरत नाही,’ हे वाक्य आलं. ते माझं सगळ्यांत आवडतं वाक्य होतं. त्यापुढं मॅडमनी लिहिलं होतं, ‘पक्कं आहे?’ आणि कागद हातात पडताच मी खाली ठणकावून लिहिलं होतं, ‘होय.’ ते मी मोठ्यानं वाचलं.

“थांब,” दादा म्हणाले. “हे खोटं हाय.”

“दादा, मी होते की तिथं! आई कधी गायली?”

“तू झोपलेली असायचीस. तुझी आई तांबडं फुटायच्या आदी कोपीत भाकरी थापती. तवा गाती. रोज गाती.”

“अहो, पण मी लिहिलंय काम करताना. ऊस तोडताना नाही ना गात?”

दादांनी माझ्याकडं असं बघितलं की त्या प्राचार्यांच्या खोलीतसुद्धा त्यांनी कुणाकडं तसं बघितलं नव्हतं.

“आन भाकरी थापनं काम न्हाई व्हय गं?”

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं. रस्त्यावर केडगावकडं जाणारा टेम्पो हॉर्न देत होता. दादांनी पिशवी काखेला मारली, पायऱ्या उतरले, आणि खालून वर बघून बोट रोखून म्हणाले,

“ते आदी नीट कर. नीट केल्याबिगर घराकडं फिरकायचं न्हाई.”